कुणाच्याच मापाचा नाही

मी एक जुना पुतळा आहे मित्रांनो, पण चौकातला नव्हे, शिवणघरातला. चौकातल्या पुतळ्याला डोकं असतं, हात असतो, त्या हाताचं बोट कुठंतरी लांब दाखवत असतं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मानेच्या जागी एक लाकडी टोपण, खाली खांब, खांबाला तीन पाय आणि मधे नुसतं धड. शिवणारे लोक मला डमी म्हणतात. लहान मुलं पहिल्यांदा आली की मला बघून आईच्या मागं लपतात आणि दुसऱ्यांदा आली की माझ्या पोटात टाचण्या खुपसतात. या दोन्हींची मला सवय झाली. ज्याची सवय झाली नाही, ते आज सांगायला बसलोय. बसता येत नसलं तरी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कागदाच्या पट्ट्या खळीत भिजवून साच्यावर थरावर थर चिकटवले, वाळल्यावर साचा काढून घेतला आणि वरून जाडंभरडं कापड ताणून शिवलं. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं शेवटी माझ्या पाठीवर एक थाप मारली, कान देऊन आवाज ऐकला, "बरा झालाय" म्हणाला आणि पुढच्या पुतळ्याकडे वळला. आम्ही तिथं रांगेनं उभे होतो. सगळे उघडे, सगळे सारखे, आणि लाज मात्र कुणालाच वाटत नव्हती. लाज मी नंतर शिकलो.

मला विकत घेतलं ते मावशींनी. त्या खरं तर एकाच मुलीच्या मावशी, पण सगळी गल्लीच त्यांना मावशी म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. त्यांची भाची शाळा सुटली की दप्तर माझ्या पायाशी टाकून इथंच पडीक असायची. खोली एकच, पण ऐसपैस. खिडकीशी शिवणयंत्र, मधे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि इस्त्रीच्या बाजूला मी.

मावशींची कामाची एक पद्धत होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाला माप द्यायला सारखं बोलवायचं नाही, मलाच ते गिऱ्हाईक बनवायचं. डॉक्टरीणबाईंचं काम असलं की माझ्या कमरेला कापसाची गादी बसायची. वकीलबाईंचं असलं की पाठीला. वरून कापडी पट्ट्या गुंडाळून घट्ट गाठी मारायच्या आणि छातीवर चिठ्ठी टोचायची, तिच्यावर त्या बाईंचं नाव. मग येणारं जाणारं माणूस म्हणायचं, "हुबेहूब डॉक्टरीणबाई उभ्या आहेत." आणि मी फुगायचो. कापसानं फुगलेलाच असायचो, त्यात आणखी.

पण काम संपलं की मावशी गाठी सोडायच्या, गाद्या काढायच्या, चिठ्ठी काढायच्या. दुसरं काम येईपर्यंत मी नुसताच. मित्रांनो, ते तास मला नकोसे व्हायचे. कापडावर टाचण्यांची भोकं, बगलेत गंजाचा डाग. तेवढ्यात कुणी दार उघडलं तर वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं. काल ज्याला लोक "या बाई" म्हणाले, त्याच्यावर आज लोक छत्री अडकवतात.

मावशींना माझं हे दुखणं कळत नसेल असं मला वाटायचं. त्यांना कसली लाज? कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला नेलेलं प्रत्येक बाळ त्यांनी शिवलेल्या झग्यात असायचं. लग्न लागलेली प्रत्येक नवरी त्यांच्या हातून बाहेर पडायची. रविवारी उपासनेआधी त्या बाजूच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत शिरणाऱ्याला थांबवून कॉलर नीट करून द्यायच्या. "मावशी नसत्या तर आपली मंडळी फाटकीच राहिली असती," असं लोक म्हणायचे. घरी येऊन त्या हे भाचीला सांगायच्या, आणि सांगताना सहज सांगतोय असं दाखवायच्या.

मग मावशींचे हात थरथरायला लागले.

आधी बशीत कप वाजायचा. मग सुईत दोरा जाईना, तो भाची ओवून द्यायची. मावशींनी हे कुणाला सांगितलं नाही. सगळ्यात अवघड व्हायचं ते माझ्या गाठी सोडणं. म्हणून त्यांनी सोडणंच बंद केलं. एका बाईंवर दुसऱ्या बाई बांधायच्या आणि दोघींचा हिशेब मनात ठेवून कापायच्या. मला तर आनंदच झाला. आता उघडं पडायचं कारण नव्हतं. मी जाड होत गेलो, भारदस्त होत गेलो.

अशात चर्चच्या गायनवृंदासाठी नवे झगे शिवायचं काम आलं. माझ्या अंगावर तेव्हा सगळ्यात खाली निवृत्त मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांचा एक खांदा उतरता आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला जाड गादी. पूर्वी मावशी कापड टाकण्याआधी माझ्या दोन्ही खांद्यांवर एकदम तळवे ठेवून बघायच्या. आता तळवे स्थिर राहत नव्हते, आणि आपले हात हलताना बघणं त्यांना आवडत नव्हतं. "झग्याला कसलं माप बघायचं," त्या म्हणाल्या, "पोतंच असतं ते." पहिला झगा माझ्यावर बेतला. बाकीचे त्यावरून कापले. घालून बघायला कुणाला बोलावलं नाही.

त्या रविवारी उपासना संपायच्या आत मावशी घरी आल्या. मागोमाग भाची.

"अगं मावशी, कुणाच्या लक्षातही आलं नसेल."

"गायनवृंदाची अख्खी रांग एका बाजूला कलली होती. लक्षात आलं नसेल?"

"बेकरीवाल्या काकांना वाटलं, आपणच वाकडे उभे आहोत. ते बिचारे सरळ होत गेले, सरळ होत गेले, आणि शेवटी शेजारच्यावर कलंडले." भाचीला हसू फुटलं. मावशींचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"पोरं हसली," मावशी म्हणाल्या. "त्याचं काही नाही. मोठी माणसं हसली नाहीत. खाली बघत बसली. माझ्यासाठी लाजत होती गं सगळी."

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि बऱ्याच काळानंतर त्यांनी दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर ठेवले. एक वर, एक खाली. मग हात काढून घेतले आणि पदरात लपवले, जसं काही मी बघेन. मला डोळे नाहीत, तरी त्या दिवशी ते मिटून घ्यावेसे वाटले.

त्यानंतर मावशींनी चर्चला जाणं सोडलं. एका रविवारी डोकं दुखत होतं, दुसऱ्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी भाचीनं दारातच धरलं.

"आज काय दुखतंय? आधीच सांगून ठेव, मला चर्चमध्ये पाळकांना उत्तर द्यायचं असतं."

"जास्त शहाणपणा नको."

"मग चल की."

"कोण म्हणून चलू?" मावशींचा आवाज एकदम चढला आणि तितकाच खाली आला. "तिथं मी शिवणाऱ्या मावशी म्हणून जायचे. कुणी बायको म्हणून जातं, कुणी आई म्हणून जातं. मी यातली कुणीच नाही. शिवण होती, तीही गेली. आता दारातून आत शिरायचं ते कोण म्हणून?"

भाची हळूच म्हणाली, "येशूनं तुला बोलावलं ते काय झगे शिवायला?"

"तुला सोपं आहे बोलायला. तुझे हात बघ."

भाचीनं आपले हात बघितले, मागे बांधले आणि एकटीच गेली. मावशी टेबलापाशी बसून राहिल्या. लांबून गाण्याचा आवाज येत होता. त्यांचे ओठ हलले, पण सूर बाहेर आला नाही. हात थरथरतात तर गळा कशाला गप्प बसवायचा, असं मला वाटलं. पण मी तरी कुठला शहाणा. मीही कुणाच्या तरी कापसात तोंड लपवूनच उभा होतो, आणि मला तर तोंडही नाही.

त्याच आठवड्यात बेकरीवाले काका आले. हातात पावाची पिशवी, अंगाला पिठाचा वास.

"मावशी, शनिवारची प्रार्थनासभा तुमच्याकडे. पाळी तुमची आहे."

"माझी पाळी पुढं ढकला."

"ढकलली असती, पण नवे पाळक आलेत. त्यांना सगळी घरं बघायचीत." मग खाजगीत सांगावं तसं म्हणाले, "आणि एक सांगू? झगा मी बदलून घेतलेला नाही. एका बाजूनं हवा खेळती राहते."

मावशी हसल्या नाहीत, पण पाहुण्यांना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

शनिवारी दुपारी खुर्च्यांसाठी जागा करताना मी आडवा आलो. इतका जाड झालो होतो की कोपऱ्यात मावत नव्हतो. "याला आधी सोलायला हवं," भाची म्हणाली. गाठी सुटेनात, तेव्हा तिनं त्या कात्रीनं कापल्या. वकीलबाई निघाल्या, डॉक्टरीणबाई निघाल्या, मग मुख्याध्यापिकाबाईंचा खांदा निघाला. जमिनीवर कापसाचा ढीग, त्यात चिठ्ठ्या. मी मनातल्या मनात एकच आशा धरून होतो, की सगळ्यात खाली, कापडावर कुठंतरी कारागिराचा शिक्का असेल. निदान काहीतरी लिहिलेलं असेल, ज्यावरून मी कोण ते कळेल.

काही नव्हतं, मित्रांनो. मळकं कापड, भोकं, आणि तो गंजाचा डाग, आता आणखी मोठा.

भाची शेजाऱ्यांकडे खुर्च्या आणायला गेली. मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी शरमेनं अर्धा झालो होतो. तसा कापूस काढल्यावर अर्धाच उरलो होतो म्हणा. त्यांनी तळहात माझ्या छातीवर ठेवला, जिथं चिठ्ठी असायची तिथं. हात थरथरत होता. त्यांनी तो काढला नाही.

"हा आहेस होय तू," त्या म्हणाल्या. "सगळ्या उतरल्या, तरी उभाच आहेस की."

मग त्या तिथंच, माझ्यावर हात ठेवून, प्रार्थना करायला लागल्या. पण बोलत माझ्याशी नव्हत्या. "प्रभू, माझ्याच्यानं सुईत दोरा ओवला जात नाही. तुला ठाऊकच असेल. मी तुझ्याकडे दरवेळी काहीतरी शिवून घेऊनच आले. रिकाम्या हातानं कधी आलेच नाही, म्हणून कसं यायचं ते माहीत नाही. लाज वाटते. तशीच येऊ का?"

उत्तर आलेलं मी ऐकलं नाही. पण बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या, आणि शेवटी "बरं" म्हणाल्या, जसं आपण कुणीतरी काही सांगितल्यावर म्हणतो.

संध्याकाळी खोली भरली. भाची धावत चादर घेऊन आली, माझ्यावर टाकायला. मीही मनात तेच मागत होतो.

"राहू दे. झाकू नकोस त्याला," मावशी म्हणाल्या.

तेव्हा मी सगळ्यांच्या समोर तसाच. कुणी कात्रीनं कापलं तरी चालेल, पण ही शरम नको, असं झालं.

नवे पाळक तरुण होते, खुर्चीच्या टोकावर बसलेले. नवा माणूस आला की प्रत्येकानं आपण कोण ते सांगायचं, अशी इथली रीत. "मी या मंडळीचा पाळक," त्यांनी सुरुवात केली. "मी बेकरी चालवतो आणि गायनवृंदात खर्जात गातो," काका म्हणाले. "मी मुख्याध्यापिका. होते. आता रविवारच्या शाळेत शिकवते." गोल फिरत फिरत पाळी मावशींपाशी आली.

सगळ्यांना झगे आठवले असणार. कुणीतरी पायाकडे बघायला लागलं. बेकरीवाल्या काकांनी मदत करायला तोंड उघडलं, "या आपल्या मंडळीच्या..."

"थांबा, मला सांगू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलून सगळ्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले. हात थरथरत होते, टेबलावरची कात्री बारीक वाजत होती. "मी शिवायचे. आता माझ्याच्यानं होत नाही. तेव्हापासून मी विचार करते आहे की आता मी कोण. नवरा असता तर म्हटलं असतं त्याची बायको. मूल असतं तर म्हटलं असतं त्याची आई." मग म्हणाल्या, "मी प्रभूची आहे. शिवत होते तेव्हाही त्याचीच होते, पण मला वाटायचं शिवते म्हणून आहे. एवढंच. पुढं कोण?"

पुढची पाळी भाचीची होती, पण तिनं मावशींचे हात धरले होते. पाळक खाली बघत म्हणाले, "मला परत सांगायला मिळेल का? मघाशी मीही कामच सांगितलं."

"सांगा की," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "पण आधी मला बोलू द्या. मावशी, त्या झग्यांना माझा खांदा लागला होता म्हणे. बत्तीस पोरांच्या वर्गातही माझं असं कुणी ऐकलं नाही, आणि इथं अख्खा गायनवृंद माझ्यासारखा उभा राहिला." सगळ्यात आधी मावशी हसल्या. डोळे पुसत हसल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाची बोलवायला आली तेव्हा मावशी चपला घालून दारात उभ्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. लाज गेली नव्हती. लाजेसकट निघाल्या.

मित्रांनो, माणसाला आत्मा असतो, मला आहे की नाही कुणास ठाऊक. म्हणून मावशींना जे मिळालं ते मलाही मिळालं असं मी म्हणणार नाही. मी अजून लाजतो, दार वाजलं की जास्तच. पण तुम्हाला एक विनवणी करायची आहे. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्यांच्या हातून आता काम होत नाही, ज्यांना आता कुणी कशासाठी हाक मारत नाही. त्यांना काम शोधून देण्याआधी नुसते त्यांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांचे हात बघून नजर वळवू नका. आणि कधी या शिवणघरात आलात, कोपऱ्यात मी दिसलो आणि तुम्हाला माझी कीव आली, तरी एवढं करा, माझ्यावर चादर टाकू नका.