साडेतीन वारांचा घोळ

“इंग्लंडचं राज्य आरमारावर नाही, झग्यामागच्या साडेतीन वारांच्या घोळावर उभं आहे!” लेडी थिओडोरांनी जाहीर केलं, आणि राणीला पाठ न दाखवता मागे कसं सरकायचं ते भाचीला शिकवता शिकवता त्या कोळशाच्या बादलीत बसल्या.

रोझमंड हसली नाही. तिच्या डोक्यावर शहामृगाची तीन पिसं खोवलेली होती. हसलं की ती हलत.

तिची आई विनिफ्रेड मागे उभी राहून लेकीच्या खांद्यांना घोळ टाचत होती. पांढरं साटन, त्यावर चांदीच्या तारेचं भरतकाम. बावीस वर्षांपूर्वी, दरबारातल्या आपल्या पहिल्या हजेरीला, हाच घोळ लावून ती स्वतः राणीपुढे वाकली होती. पुढे नवऱ्याने एका नटीशी संधान बांधलं, काडीमोड झाला आणि दरबाराच्या यादीतून विनिफ्रेडचं नाव गेलं. दोष कोणाचा, हे तिथे विचारत नसत. म्हणून लेकीला आज राजवाड्यात नेणार होत्या त्या तिच्या आत्या, लेडी थिओडोरा.

“आई, तू रस्त्यावर येऊन उभी राहशील?” रोझमंडने आरशातून विचारलं. “मी तुझ्याकडे बघीन.”

“बघशील!” आत्या कोळसा झटकत म्हणाल्या. “मान वळली की पिसं खाली. आणि ती बाई कोण म्हणून कुणी विचारलं, तर काय सांगू? आमची भाजीवाली?”

विनिफ्रेडच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या काढल्या नाहीत.

दुपारी राजवाड्याच्या रस्त्यावर बग्ग्यांची रांग तटून राहिली. दरबाराच्या दिवशी अर्धं लंडन काचांना नाकं लावून आतल्या पोरींना नावं ठेवायला येई. विनिफ्रेड त्या गर्दीतून रेटत पुढे आली. बग्गी हातभर अंतरावर होती. मांडीवर गोळा केलेला घोळ रोझमंडच्या हनुवटीला लागला होता.

“पोरगी गोड आहे गं,” मागची मासळीवाली म्हणाली, “पण नुसता पुतळा! शेजारी बसलीय ती तिची आई असणार. काय धाक आहे बघ!”

रोझमंडची मान वळली नाही. फक्त पांढऱ्या हातमोज्यातला हात घोळाखालून वर आला आणि काचेवर टेकून राहिला.

आत्यांनी तो पाहिला. मग त्या पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

विनिफ्रेडने बाहेरून काचेवर हात ठेवला.

“ओ बाई,” मासळीवालीने तिचा खांदा हलवला, “तुमची कुणी लागत नसेल, तर ती टोपी काढा की जरा. आम्हालाही बघू द्या.”