चिंचेखालची लेक

"चपला घरीच राह्यल्या वं माय. आता माघारी नको फिरू. आखाजीले मले घ्याले येशीन तवा आणजो. वैशाखात पाय पोळतेत. पण तूच येजो, दुसऱ्या कोणाले धाडू नको."

"हाव, मीच येतो," गोजरबाई म्हणाल्या होत्या.

बैलगाडीतून वाकून शालूनं सांगितलेलं हे बोलणं चार वर्षं झाली तरी गोजरबाईंच्या कानातून गेलं नव्हतं. ग्रामपंचायतीचं अंगण झाडताना, रांजण भरताना ते ऐकू येई. संध्याकाळी टीव्हीच्या लाकडी पेटीचं कुलूप काढतानाही येई. झाडलोट, पाणी आणि ही पेटी, एवढीच त्यांची नोकरी. पेटी उघडली की त्या रांजणापाशी माळ घेऊन बसत. चित्रांकडे पाठच असायची.

बुधवारी सातला भुताखेतांची मालिका लागे, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. त्या बुधवारी गोजरबाईंचा हात मण्यावर थांबला. मागून एका बाईचा आवाज आला होता, "माझ्या माहेरचं कोणी आलंय का हो?"

त्यांनी वळून पाहिलं. पडद्यावर गावाच्या शिवेवर चिंच होती आणि चिंचेखाली हिरव्या लुगड्यातली एक मेलेली लेक बसली होती. आईनं हात धरून नेल्याशिवाय तिला गावात पाऊल टाकता येत नव्हतं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच विचारी, आणि लोक घाबरून पळत. शेवटी घरात बसलेल्या आईच्या कानी तो आवाज गेला. आई उठली, दारापाशी आली, कडीला हात घातला, आणि लाइट गेली.

"भुतानंच नेली लाइट," तानाबाई म्हणाली, तसं सगळं अंगण हसलं.

"माय गेली का तिले घ्याले?" गोजरबाईंनी विचारलं.

"कोणाले वं?"

"त्या चिंचेखालच्या पोरीले."

तानाबाईचं हसू जागीच विरलं. शेजारीण होती ती, तिला सगळं ठाऊक होतं.

शालू पहिलटकरीण. ती सुखरूप सुटावी म्हणून त्या साली गोजरबाईंनी पाडव्यापासून महादेवाला सव्वा महिना दिवा बोलला होता. दिवस मावळायच्या आत दिवा लावायचा, आणि व्रत पुरं होईतो गावची शिव ओलांडायची नाही. बोलताना आखाजीचा, लेकी माहेरी आणायच्या अक्षय्य तृतीयेचा, हिशेब ध्यानात आला नाही. आखाजी आली तेव्हा व्रताचे पाच दिवस उरले होते. व्रत मोडलं आणि लेकराला काही झालं तर? त्यांनी चुलतदीर अर्जुनरावांना शालूच्या सासरी रोहिणखेडला धाडलं. अर्जुनराव एकटेच परत आले. "रुसली तुमची पोरगी. माय येईन तवाच येतो म्हणते."

"पाच दिवस तं हायेत. मंग जातो मी," गोजरबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शालू बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. निरोप गावात पोचला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. उरलेले दोन दिवसही गोजरबाईंनी दिवा लावला. त्यानंतरही लावतच राहिल्या. शिव मात्र त्यांनी पुन्हा ओलांडली नाही. कोणाला घ्यायला ओलांडायची?

त्या बुधवारच्या गोष्टीचा शेवट गावात कोणालाच ठाऊक नव्हता. ग्रामसेवक हिंमतराव शनिवारी बुलढाण्याला निघाले, तेव्हा गोजरबाई सायकलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या मेव्हण्याच्या घरी टीव्ही हाये ना साहेब? तेवढं विचारून येजा."

सोमवारी हिंमतराव आले. गोजरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"विचारलं मी, मावशी. शेवट काही बरा नाही."

"सांगा."

"माय गेली. पण चिंचेखाली कोणी नव्हतं. लई उशीर झालता."

गोजरबाईंनी पदर सारखा केला. "मंग माय माघारी आली?"

"नाही. पोरीच्या जागेवर बसून राह्यली. तेवढ्यावरच संपलं."

"बसली ना?"

"हाव. मनावर नका घेऊ मावशी, टीव्हीतलं असते ते."

"मले म्हाईत हाये, टीव्हीतलंच हाये." त्यांनी पेटीची किल्ली कमरेची सोडून टेबलावर ठेवली. "उद्या आखाजी. उद्याची सुट्टी पाहिजे मले."

हिंमतरावांनी किल्ली खिशात टाकली.

आखाजीच्या सकाळी तानाबाई पितरांची घागर भरायचं पाहायला आली, तेव्हा गोजरबाईंच्या चुलीवरच्या सांजोऱ्या झाल्या होत्या. फडक्यात चार बांधलेल्या होत्या. देवळीतली तेलाची बाटली त्यांनी तानाबाईच्या हातात दिली.

"आज महादेवापाशी दिवा तू लावजो. मावळतीच्या आधी."

"अन् तू वं?"

"रोहिणखेडले जाऊन राह्यली."

तानाबाई खाली बसली. "कोण हाये आता तठी आपलं?"

"कोणी नसन."

"मंग काऊन जातं? अन् जातंच तं मोटारीनं जाय. उन्हानं जीव जाईन तुहा."

"मोटारीतून कसं दिसन?" गोजरबाई हळूच म्हणाल्या. "मधात एखाद्या झाडाखाली बसली असन तं?"

तानाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग उठून तिनंच सांजोऱ्यांच्या शेजारी पाण्याचा तांब्या बांधून ठेवला.

कोनाड्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात चपला होत्या. कातडं तडकू नये म्हणून गोजरबाई दर आखाजीला त्यांना तेलाचा हात फिरवत. आजही फिरवला.

शिवेवरच्या शेंदरी दगडापाशी येईतो ऊन चढलं होतं. गोजरबाईंनी दगडाला हात जोडले. "दिव्याचं सांगून आली हो," त्या पुटपुटल्या. मग लुगड्याचा तुकडा सोडून शालूच्या चपला त्यांनी हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी शिव ओलांडली.