दोन मीटर चौदा

भांडीबाजारातून नदीकडे उतरणाऱ्या बोळात अपूर्वा दर रविवारी पंधरा-वीस जणांना जुनं नाशिक दाखवायची. मंगलाबाईंच्या घराची भिंत तिच्या खास आवडीची. एकोणसत्तरच्या पुराची रेघ त्या भिंतीत छिन्नीने कोरलेली होती. मंगलाबाईंच्या आईनेच ती कोरून घेतली. पुरात तिच्या हातातून तान्हा मुलगा गेला आणि सासरच्यांनी जन्मभर तिलाच बोल लावला. पाणी डोक्यावरून गेलं होतं, याला साक्ष त्या रेघेचीच. दर वर्षी त्या दिवशी ती स्टुलावर चढून रेघेला हळदकुंकू वाहायची. तिच्यामागे मंगलाबाई वाहू लागल्या. अपूर्वा भूशास्त्र शिकलेली. तिने पहिल्याच दिवशी टेप लावला होता: दारासमोरच्या पायरीपासून दोन मीटर चौदा.

जुलै-ऑगस्टच्या पावसात फेरी बंद होती. तेवढ्यात बोळ सुशोभित झाला. मंगलाबाई तेव्हा लेकीकडे होत्या. आज अपूर्वा पाहते तर भिंत पिवळीधमक, आणि छातीच्या उंचीवर एक निळी रेघ.

"ही कुणी काढली?" तिने फेरी चालवणाऱ्या धवलला हळूच विचारलं.

"मीच. जुनी पुट्टीत बुजली. आणि ती इतकी वर, फोटोत माणूस आणि रेघ एकत्र यायचीच नाही."

"धवल, ते माप होतं."

"लोक काय मापं घ्यायला येतात? चल, गोष्ट सांग. मिसळवाला खोळंबलाय."

तिने गोष्ट सांगितली. रेघेबद्दल मात्र गप्प राहिली.

फेरीतले गंगापूर रोडचे एक गृहस्थ रेघेला टेकून उभे राहिले. "एवढंच पाणी? मग पोराला उचलून धरता आलं असतं की बाईला."

दोघंतिघं हसले. दारात मंगलाबाई उभ्या होत्या, एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. आजच तो दिवस होता.

"रेघ चुकीची आहे," अपूर्वा म्हणाली. "खरी बरीच वर होती."

"किती वर?"

तिने पिशवीतून टेप काढला, वाकली आणि तशीच राहिली. पायरी नव्हतीच. नव्या फरशीखाली गेली होती; वर भराव किती, फरशी किती जाड, कोण सांगणार? दोन मीटर चौदा, पण कुठून?

"असू दे, पुढच्या वेळी सांगा," गृहस्थ समजुतीने म्हणाले आणि फोटोसाठी पुन्हा निळ्या रेघेशी गेले.

मंगलाबाई स्टुलावर चढल्या होत्या. कोऱ्या भिंतीसमोर कुंकवाचं बोट धरून त्या थांबल्या.

"पोरी, तू मोजलं होतंस ना? सांग, कुठं लावू?"