राणीच्या अंगावरचे सात धागे

मी एक जुना चिमटा आहे, मित्रांनो. चुलीवरची भाकरी उलटणारा नव्हे, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा. माझी टोकं सुईसारखी बारीक आहेत. डोळ्यांना न दिसणारा स्क्रूही मी अलगद उचलतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते नागपुरातलं, सीताबर्डीवरचं एक छोटंसं टेबल आणि त्यामागे डोळ्याला भिंग लावून बसलेले बळीरामजी. त्यांच्या बोटांत मी छत्तीस वर्षं काम केलं. लग्नातली घड्याळं आणि परीक्षेची घड्याळं आम्ही चालू केली. काटा टिकटिकला की गिऱ्हाईक म्हणायचं, "बळीरामजी, तुमच्या हाताले तोड नाही." तेव्हा माझीही छाती फुगायची.

मग लोक मोबाईलवर वेळ पाहू लागले. त्यातच बळीरामजींचा उजवा हात थरथरू लागला. एके दिवशी स्क्रू माझ्यातून तीनदा निसटला. त्यांनी मला पुसलं, भिंगासोबत बटणांच्या डब्यात ठेवलं आणि दुकान बंद केलं. चार वर्षं मी अंधारात पडून होतो. माझं आयुष्य संपलं, असंच मला वाटत होतं.

बळीरामजींच्या पत्नी इंदूबाई बालवाडीत शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुलांनी त्यांना काचेच्या टाकीसह एक गोल्डफिश दिली होती. तिचं नाव राणी. आठ वर्षांत ती तळहाताएवढी झाली होती. गेल्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. टाकीतल्या गोट्यांवर अंग घासायची, खाणं तोंडात घेऊन टाकून द्यायची. तिच्या अंगावर लाल ठिपके उठले आणि पांढरे धागे लोंबू लागले. बुरशी झाली असेल म्हणून कोणीतरी निळं औषध सुचवलं. पाणी निळं झालं, पण राणी काही सुधारली नाही. ती कोपऱ्यात पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागली.

"अजी, चार दिवस झाले," इंदूबाई म्हणाल्या. "तुमचं ते भिंग काढा न."

भिंगासाठी डबा उघडला आणि मला उजेड दिसला. बळीरामजींनी भिंग लावलं आणि बराच वेळ काचेपाशी बसून राहिले.

"इंदू, हे बुरशी नाही वं. बुरशी कापसावानी पसरते. हा तं एकेक धागा हाये, कातडीतून निघालेला. टोकाले दोन फाटे हायेत."

त्यांनी भिंगातूनच फोटो काढला आणि भाचीला पाठवला. त्यांची भाची दामिनी काटोलला जनावरांची डॉक्टर आहे. तिचा लगेच फोन आला.

"मामाजी, तो किडा हाये. डोकं मांसात रुतवून बसते. टाकीत नवीन काही टाकलं काय?"

इंदूबाई खाली बसल्या. कन्हानकडच्या तळ्यातली हिरवी वेल त्यांनीच राणीसाठी हौसेनं आणली होती. "मीच आणली ती," त्या हळूच म्हणाल्या. "मीच मारून राहिली हिले."

"मामी, अजून जीव हाये तिच्यात," दामिनी म्हणाली. "मामाजी, चिमट्यानं किडा अगदी कातडीजवळ धरा अन् हळू, सरळ ओढा. मधून तुटला तं डोकं आतच राहीन. एका वेळी मिनिटाच्या वर तिले पाण्याबाहेर ठेवू नका."

"माहा हात थरथरते, बाई."

"मामी मासोळी धरतीन. तुमी फक्त चिमटा धरा."

गरम पाण्यानं मला धुतलं. इंदूबाईंनी ओल्या फडक्यात राणीला धरलं. पहिल्यांदा मी घसरलो. बळीरामजींनी डोळे मिटले, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि श्वास रोखला, अगदी घड्याळ दुरुस्त करताना रोखायचे तसा. मग मी धागा धरला. तो ताणला गेला आणि अखंड बाहेर आला. राणीला पुन्हा पाण्यात सोडून, दम घेऊ देऊन, आम्ही एकामागून एक सात किडे काढले. एकही तुटला नाही. प्रत्येक जखमेवर दामिनीनं सांगितलेलं औषध कापसानं टेकवलं.

काम तेवढ्यावर संपलं नव्हतं. किड्यांची पिल्लं पाण्यात असतात, ती दिसत नाहीत. म्हणून वेल फेकली, पाणी बदललं आणि दामिनीनं लिहून दिलेलं औषध मोजून तीन आठवडे टाकलं. रोज सकाळी बळीरामजी भिंग लावून पाहायचे. आणखी दोन धागे उगवले, तेही मी काढले. त्यानंतर एकही दिसला नाही.

तिसऱ्या आठवड्यात इंदूबाईंनी उकडलेला, सोललेला वाटाणा पाण्यात धरला. राणीनं शेपटीच्या फटक्यानं पाणी उडवलं आणि वाटाण्यासकट त्यांचं बोटच तोंडात घेतलं. ओल्या चेहऱ्यानं इंदूबाई हसत सुटल्या.

आता राणीची गोष्ट ऐकून वस्तीतले लोक आपापले आजारी मासे बरणीत घालून दाराशी येतात. बळीरामजींचा हात चहा पिताना अजूनही थरथरतो. पण भिंग लावून कोपरं टेबलावर टेकवली की तो दगडासारखा स्थिर होतो.

मित्रांनो, मुक्या जीवाला औषध देण्याआधी त्याच्याकडे नीट पाहा. नवा मासा किंवा नवी वेल आणली, तर काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. आणि माझ्यासारख्या हत्याराला काम झाल्यावर कोरडं पुसा, म्हणजे ते गंजणार नाही.

काल एक बाई बरणी घेऊन आल्या. "हे घड्याळवाल्या बळीरामजींचं घर होय काय?" त्यांनी विचारलं.

"तेच," बळीरामजी म्हणाले, आणि त्यांनी मला खिशातून काढलं. "दाखवा, काय झालं मासोळीले."