निरोगी गटातली नळी

नूपुर परळच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कॅन्सरवर पीएचडी करत होती. पेशीतला आरएनए म्हणजे एरवी दोन टोकांचा धागा. पेशी तो टोकाकडून कुरतडत संपवते. पण काही धाग्यांची टोकं एकमेकांना जुळतात आणि त्यांचं कडं होतं. कड्याला टोकच नसल्यामुळे ते टिकून राहतं. अशी काही कडी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या रक्तात जास्त सापडतात का, हे ती शोधत होती. तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. तिचा धाकटा भाऊ अवधूत नायगावच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचा. तोही हसत हसत रक्त देऊन गेला होता.

नमुन्यात कडी जितकी जास्त, तितकी मशीनच्या पडद्यावरची त्याची रेघ लवकर चढते. त्या दुपारी रुग्णांच्या रेघा भराभर वर चढल्या. निरोगी गटातल्या रेघा मागे राहिल्या. पण त्यांतली एक रुग्णांच्या बरोबरीने चढली. नूपुरने नळीचा नंबर पाहिला. अवधूतचा होता.

काहीतरी अदलाबदल झाली असणार, असं म्हणत तिने सगळं पुन्हा केलं. रेघ पुन्हा तशीच चढली.

"हे संशोधन आहे, नूपुर, निदानाची चाचणी नाही," रेघ आणि नळीचा नंबर पाहून तिच्या गाइड दीपिका मॅडम म्हणाल्या. "यावरून कुणाला कॅन्सर आहे असं आपण म्हणू शकत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण त्याचा साधा सीबीसी करून घे, रक्तातल्या पेशींची मोजणी. आजच."

घरी अवधूत हाफ पँटवर चहा पीत बसला होता. मांडीवर काळेनिळे डाग. दंडाच्या आतल्या बाजूलाही.

"हे कधी लागलं रे?"

"कबड्डी खेळतो मी, कॅरम नाय."

"मातीत लोळता, मगे काय होतला?" आई, ललिता, आतून म्हणाली.

"कधी लागलं ते आठवतंय का?"

त्याने डागांकडे पाहिलं. "नाय गं. लागल्याचं आठवत नाय."

"दात घासताना रक्त येतं?"

अवधूतचं हसू मावळलं. "तुला कोणी सांगितलं?"

नूपुरने त्याला कपडे बदलायला सांगितलं. आईला काही न सांगता ती त्याला नाक्यावरच्या लॅबमध्ये घेऊन गेली. रिपोर्ट मोबाइलवर यायचा होता. त्याऐवजी लॅबच्या डॉक्टरांचाच फोन आला. "पेशंटला घेऊन आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा."

हॉस्पिटलमध्ये निदान झालं: अक्यूट ल्युकेमिया, झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. वॉर्डात केमोची पहिली बाटली लागली तेव्हा आई त्याचे पाय धरून बसली होती, सोडायलाच तयार नव्हती. ताप चढला, तोंडात फोड आले, एका संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना आणि सगळे डॉक्टर धावत आले. नूपुर दाराबाहेर उभी राहून खाटेभोवतीच्या पडद्याखालचे त्यांचे बूट बघत होती.

तो त्यातून निभावला. पुढे हाडातल्या मज्जेच्या तपासणीत मायक्रोस्कोपखाली कॅन्सरची पेशी दिसली नाही.

"गेला ना मग?" अवधूतने विचारलं.

"दिसत नाहीये. केमो अजून घ्यायचीच आहे."

"आणि परत आला तर?"

खोटं बोलणं तिला जमलं असतं. "माहीत नाही रे," ती म्हणाली आणि त्याच्याजवळ सरकून बसली.