सोळा तास उजेड

कोल्हारात गोरक्षआण्णांना न विचारता सूर्य उगवत असेल, तर तो त्याचा आगाऊपणा. पोल्ट्रीचे तीन शेड आणि वीस वर्षांचा अनुभव, एवढ्या भांडवलावर ते बँकेच्या साहेबापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना अक्कल शिकवत. अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत सुनेनं सहा फुटी काचेची टाकी मांडली, तिच्यात मिठाचं पाणी भरलं, तर ते गप्प बसतील ही आशाच खुळी.

"मासे चार अन् दगड चाळीस," आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "त्या दगडाला उजेड लागतो म्हनं, येळापत्रकानं. शाळा हाय का ही?"

दगड कुठले, जिवंत प्रवाळ होते ते. सुनेनं, रुपालीनं, लग्नाआधी पुण्यात चार वर्षं अशा टाक्या बसवायचं काम केलेलं. फांद्यांचे प्रवाळ वर, दिव्याजवळ. मांसल, झुलणारे मधल्या खडकावर. आणि उजेड न सोसणारे तळाला, सावलीत. तिन्ही जाती एका टाकीत नांदवायच्या तर उजेड मोजूनमापून द्यावा लागतो. सकाळी दहाला नुसता निळा, मग हळूहळू पांढरा, दुपारी चार तास जास्तीत जास्त, आणि मग उतरता. सगळं तिनं मोबाईलवर बसवलं होतं. आण्णांना त्यातला निळाच तेवढा दिसे. "वरातीतली लायटिंग," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

नगरचे एक मुलांचे डॉक्टर नव्या दवाखान्यात अशी टाकी बसवणार होते. रविवारी येऊन ते रुपालीची टाकी बघणार, आणि पसंत पडली तर काम तिचं. लग्नानंतरचं तिचं स्वतःचं पहिलं काम. पण त्याआधीच खर्ड्याला तिच्या भावाचं लग्न निघालं, आणि दहा दिवस माहेरी जाणं भाग पडलं.

"आण्णा, माशांना सकाळी चिमूटभर खाणं टाका," निघताना ती म्हणाली. "दिव्याला मात्र हात लावू नका. तेवढंच."

हे 'तेवढंच' आण्णांना झोंबलं. ज्यानं आठ हजार कोंबड्या उजेडावर अंड्याला आणल्या, त्याला ही कालची पोर उजेड शिकवणार. कोंबडीला दिवसाचा सोळा तास उजेड मिळाला की ती भरभरून अंडी देते, कमी पडला की हात आखडते. शेडमधले दिवे म्हणूनच पहाटे पाचला लागतात आणि रात्री नऊला विझतात. हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी पाहिलं, तर टाकी अजून अंधारात. "उपाशी ठिवलीत बिचारी," ते म्हणाले. शेडमधला जादा टायमर आणून त्यांनी दिव्याला जोडला, पाच ते नऊ. दिव्याच्या डब्यावरचं बटन दाबून निळा बंद केला आणि पांढरा पूर्ण सोडला. खोली लख्ख झाली आणि आण्णांची छातीही फुगली.

रुपालीचा रोज फोन यायचा. "टाकी ठीक आहे ना?"

"एक नंबर. तू लगीन उरक निवांत."

आठवडाभरात गुलाबी फिके पडले, हिरवे पिवळट झाले, आणि बघता बघता टाकी पांढरीशुभ्र. आण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. "बगा, मळ निघाला सगळा."

शनिवारी संध्याकाळी रुपाली परतली. पिशवी तिच्या हातातच राहिली. तिनं टायमर उपटला, दिवा मंद निळ्यावर आणला आणि खाली बसली.

"रंग त्यांचा स्वतःचा नसतो, आण्णा," ती म्हणाली. "त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्यांना पोसतं. उजेड सोसला नाही की प्रवाळ त्या शेवाळाला हाकलून देतात. मग मागं हाडं राहतात आणि उपासमार."

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं," आण्णा म्हणाले. "पांढरं म्हंजी सवच्छ."

आणि दैव बघा, रविवारी डॉक्टर आले आणि खरंच खूश झाले. "वा, काय शुभ्र आहे हो! आमच्या भिंती पांढऱ्याच आहेत. अगदी असंच करून द्या." आण्णांनी सुनेकडे अशा नजरेनं पाहिलं, की बोलायची गरजच उरली नाही.

"हे मरायला टेकलेत, डॉक्टर," रुपाली म्हणाली. "असं मी कुणाला करून देणार नाही. उजेड एकदम वाढला. तो आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा असतो."

"एकदम कसा वाढला?"

"मी दहा दिवस इथं नव्हते." आण्णांचं नाव तिनं घेतलं नाही.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "घरची टाकी दहा दिवस टिकत नसेल, तर दवाखान्यातली कशी टिकायची?" चहा अर्धा ठेवून ते गेले. काम गेलं.

आठवड्याला थोडा थोडा. हे आण्णांनी फार जवळून ऐकलेलं होतं, स्वतःच्याच तोंडून. कोवळ्या तलंगेला, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, एकदम सोळा तास उजेड दिला, तर अंग भरायच्या आत ती अंड्यावर येते आणि अंड्याबरोबर तिचं आतडं बाहेर पडतं. म्हणून आठवड्याला अर्धाच तास वाढवायचा. गेल्या साली कानिफनाथ नावाच्या गड्यानं यात चूक केली होती. आण्णांनी त्याला सगळ्या वस्तीसमोर सोलून काढला: "जित्राबाचं वय बगत न्हाईस, घड्याळ बगतोस? जीव हाय तो, बल्ब न्हाई." जेवत्या ताटावरून उठवून त्याला फाटकाबाहेर घातला होता. रुपाली तेव्हा भाकरी घेऊन दारातच उभी होती.

आत्ताही ती दारात उभी होती. आण्णांना वाटलं, आता ही ते सगळं काढणार, आणि काढावंच. शरमेनं त्यांची मान वर होईना.

तिनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला.

"आण्णा," ती म्हणाली, "जेवून घ्या."