गिमाची डुकरीण

पासोनेने आपली तांदळाची पिशवी उचलली, ट्रकवर परत ठेवली आणि डुकरिणीची दोरी गिमाच्या हातात दिली.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला ती काळी डुकरीण गिमाचा बूट चावून बघत होती.

"मावशी, हे काय?"

"डुक्कर," पासोने म्हणाली. राजधानीतून, मोर्सबीहून आलेल्या माणसाला सगळंच सांगावं लागतं, याची तिला सवय झाली होती.

दोन कुळांच्या लढाईत गाव जळालं, तेव्हा सून, नातू आणि ही डुकरीण एवढंच घेऊन ती डोंगर ओलांडून चर्चच्या मैदानात आली होती. तेव्हापासून गिमा मदतीचा ट्रक घेऊन येत होता.

"मला घेता येत नाही, मावशी. संस्थेचा नियम आहे. नोकरी जाईल माझी."

"आणि मी नुसतीच घेत राहिले तर माझं काय जाईल, ते विचार. तांदूळ दिलेस, मासे दिलेस, ताडपत्री दिलीस. मी काय दिलं? परत न देणाऱ्याला आमच्यात कचरा म्हणतात."

"हे मी देत नाही. लांबचे लोक पाठवतात."

"मग बोलव त्यांना."

मागून सून म्हणाली, "आत्याबाई, आधी तांदूळ घ्या, मग भांडा. पोर उपाशी आहे."

पासोने ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून बसली. रांगेतल्या आणखी दोघींनी पिशव्या खाली ठेवल्या.

ड्रायव्हर मारेपा इथलाच. तो खिडकीतून म्हणाला, "त्या उठायच्या नाहीत. माझी आई अशीच डुक्कर घेऊन मामाच्या दारात बसली होती."

"मग? घेतलं मामाने?"

"मामाने घराला मागून दुसरं दार पाडलं."

गिमाने ट्रककडे पाहिलं. मग दोरी हाताला गुंडाळून तो पासोनेशेजारी चिखलात बसला.

"घेतली," तो म्हणाला. "पण मी राहतो भाड्याच्या खोलीत. रताळ्याचा मळा नाही, कुंपण नाही. माझी डुकरीण तू सांभाळशील?"

पासोनेने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"परक्याचं डुक्कर कोणी सांभाळत नाही. नातलगाचंच सांभाळतात."

"माहीत आहे. मारेपाने सांगितलंय."

खिडकीतला मारेपा अचानक आरसा पुसू लागला.

पासोनेने दोरी परत घेतली. गिमाच्या बुटावरची लाळ झग्याच्या टोकाने पुसली, उठली आणि ट्रकवरची पिशवी उतरवून सुनेच्या डोक्यावर दिली. रांग हलली.

"पिल्लं झाली की निम्मी तुझी," ती म्हणाली. "न्यायला ये."

"येईन की. दर आठवड्याला येतोच इथे."

"इथे नाही." तिने हनुवटीने डोंगरापलीकडे दाखवलं. तिकडे लढाई चालूच होती, अजून धूर निघत होता. "घरी ये."

गिमाने धुराकडे पाहिलं.

"येईन, मावशी."

"आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस."